मोहरीला कॅडमियम दिल्यावर कॅटालेज घटतं, एमडीएचे आकडे मात्र जुळत नाहीत: चूक मोजण्यात की अर्थ लावण्यात?

पानदेठ

मोहरीची (ब्रॅसिका जंसिया) दहा दिवसांची रोपं अर्ध्या ताकदीच्या होगलंड द्रावणात (माती न वापरता रोपं वाढवायच्या पोषकद्रावणात) आहेत. पीएच 5.8, हवेचा पंप चालू. कॅडमियम क्लोराइड 0, 25, 50 आणि 100 मायक्रोमोलर, सात दिवस. सातव्या दिवशी वरून तिसरं पान तोडून मोजमाप. विकरांसाठीचा (एन्झाइमांसाठीचा) अर्क 50 मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच 7.0, 1 मिलिमोलर ईडीटीए म्हणजे धातू बांधणारं रसायन, 1 टक्का पीव्हीपी म्हणजे पानातली फिनॉलं बांधणारा पॉलिमर), अर्धा ग्रॅम पान 5 मिलिलिटरमध्ये.

अडचणी अशा:

ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज (एपीएक्स) कंट्रोलसकट सगळीकडे जवळपास शून्य. बफरमध्ये 5 मिलिमोलर ॲस्कॉर्बेट घातलं की आकडे येतात, पण 290 नॅनोमीटरला शोषणाची सुरुवातच 2 च्या वर होते. शिवाय त्याच अर्कात एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, सुपरऑक्साइड विझवणारं विकर) मोजलं तर उकळलेल्या अर्कातसुद्धा ‘क्रिया’ दिसते.

एमडीए (मॅलोनडायअल्डिहाइड, पटलातली मेदाम्लं ऑक्सिडाइज झाली की तयार होणारा पदार्थ) 25 मध्ये कंट्रोलइतकंच, 50 मध्ये कंट्रोलपेक्षा कमी आणि 100 मध्ये एकदम तिप्पट. 100 ची पानं जांभळट झाली आहेत.

कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं विकर) मात्रेबरोबर सरळ घटत जातं. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या.

यावरून ‘ऑक्सिडेटिव्ह ताणापुढे झाडाची संरक्षणयंत्रणा कोसळली’ असं लिहिता येईल का? आणि मुळातली शंका: कॅडमियम स्वतः इलेक्ट्रॉनची देवघेव करत नाही, मग त्याच्यामुळे ऑक्सिडेटिव्ह ताण येतो कसा?

खलबत्ता

अर्थ लावण्याआधी अर्क नीट करून घ्या. तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकाच उपायानं त्या सुटणार नाहीत.

एपीएक्सपासून सुरू करू. हे विकर, त्यातही हरितलवकातलं रूप, भोवती ॲस्कॉर्बेट नसेल तर खलात पान वाटता वाटताच निकामी होतं. म्हणून ॲस्कॉर्बेटशिवाय काढलेल्या अर्कात शून्य येणं अपेक्षितच होतं. 5 मिलिमोलर घालणंही चूक नाही, फक्त गणित बघा. ॲस्कॉर्बेटचा शोषणगुणांक 290 नॅनोमीटरला 2.8 प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर आहे. क्युव्हेटमधलं (शोषण मोजायच्या छोट्या नळीतलं) 0.5 मिलिमोलर ॲस्कॉर्बेटच 1.4 देतं. त्यात 5 मिलिमोलरवाल्या अर्काचे 50 मायक्रोलिटर 1 मिलिलिटरमध्ये पडले की आणखी 0.25 मिलिमोलर, म्हणजे 0.7 वाढलं. एकूण 2.1. एवढ्या वर बहुतेक स्पेक्ट्रोफोटोमीटरवर विसंबता येत नाही आणि खरा उतार दबून जातो. अर्काच्या बफरमध्ये 2 मिलिमोलर ठेवा आणि क्युव्हेटमधलं 0.25 वर आणा. हायड्रोजन पेरॉक्साइड 0.1 मिलिमोलर पुरे. दोन कोरे नमुने न चुकता लावा: एकात अर्क नाही, दुसऱ्यात पेरॉक्साइड नाही. पेरॉक्साइडशिवायही ॲस्कॉर्बेट घटत असेल तर तो वेग वजा करायचा, कारण ते काम एपीएक्सचं नाही.

एसओडीसाठी मात्र हाच अर्क चालणार नाही. एनबीटी (नायट्रोब्लू टेट्राझोलियम, एक रंजक) पद्धतीत रायबोफ्लेविन आणि उजेडानं सुपरऑक्साइड तयार होतं, ते एनबीटीला निळं करतं आणि एसओडी ते रोखतं. ॲस्कॉर्बेट सुपरऑक्साइडही खातं आणि एनबीटीशी थेट क्रियाही करतं. उकळलेल्या अर्कात क्रिया दिसली हाच त्याचा पुरावा. तुम्ही तो कंट्रोल लावलात हे फार चांगलं केलंत, पुष्कळ जण तो लावतच नाहीत. म्हणून पानाचे दोन भाग करून दोन अर्क काढा: एक ॲस्कॉर्बेटसह फक्त एपीएक्ससाठी, दुसरा पीएच 7.8 च्या बफरमध्ये ॲस्कॉर्बेटविना एसओडी आणि कॅटालेजसाठी. पान फारच कमी असेल तर सेफाडेक्स जी-25 च्या छोट्या स्तंभातून अर्क गाळून लहान रेणू काढून टाकता येतात.

एसओडीच्या मिश्रणाची प्रमाणं: मेथिओनीन 13 मिलिमोलर, एनबीटी 75 मायक्रोमोलर, रायबोफ्लेविन 2 मायक्रोमोलर (सगळ्यात शेवटी, अंधुक उजेडात घालायचं), ईडीटीए 0.1 मिलिमोलर, वाचन 560 नॅनोमीटरला. अर्काची एकच मात्रा घेऊन टक्के काढू नका. 10, 20, 40, 80 मायक्रोलिटर अशी मालिका लावा आणि 50 टक्के रोध कुठे येतो ते आलेखावरून वाचा. रोध 80 टक्क्यांच्या पुढे गेला की अर्क दुप्पट केल्यानंही आकडा जेमतेम हलतो, आणि मग सगळे नमुने सारखेच दिसायला लागतात.

कॅटालेजबद्दल तीन गोष्टी. क्वार्ट्झचा क्युव्हेट हवा, कारण इथे पेरॉक्साइडची घट 240 नॅनोमीटरला मोजतात आणि साधी काच आणि साधं प्लास्टिक तो प्रकाश अडवतात. विद्राव्य पीव्हीपी आणि ट्रायटन (एक डिटर्जंट) दोन्ही याच भागात शोषण करतात. पीव्हीपीऐवजी अविद्राव्य पीव्हीपीपी घ्या, ते सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसतं. आणि पेरॉक्साइड जास्त झालं की ऑक्सिजनचे बुडबुडे क्युव्हेटला चिकटून वाचन थरथरतं. 30 टक्के पेरॉक्साइड ताजं असेल तर साधारण 9.8 मोलर असतं, म्हणजे 10 मिलिलिटर बफरमध्ये 10 मायक्रोलिटर घातलं की सुमारे 10 मिलिमोलर. सुरुवातीचं वाचन 0.4 च्या आसपास यायला हवं. 0.25 आलं तर बाटली जुनी झाली आहे. उतार पहिल्या 60 सेकंदांतलाच घ्या.

मूळरोम

खलबत्ता यांनी अर्काचं सांगितलं. मी एमडीए आणि मूळ शंकेबद्दल लिहितो.

थायोबार्बिट्युरिक आम्लाची (टीबीए) पद्धत सोपी, म्हणूनच फसवी. गरम आम्लात जांभळ्या पानातलं अँथोसायनिन लाल होतं आणि 532 नॅनोमीटरलाच शोषण करतं. तुमचं 100 मायक्रोमोलरमधलं ‘तिप्पट’ बहुतांशी तेच असू शकतं. 600 नॅनोमीटरचं वाचन वजा केल्यानं फक्त गढूळपणा जातो, रंग जात नाही. उपाय 1999 मध्ये हॉजेस आणि सहकाऱ्यांनी दिलेला आहे. प्रत्येक अर्काच्या दोन नळ्या करायच्या. एकीत 20 टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, 0.01 टक्का बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) आणि 0.65 टक्के टीबीए. दुसरीत टीबीए सोडून बाकी सगळं. दोन्ही 95 अंशांवर 25 मिनिटं, मग लगेच बर्फात. वाचन 440, 532 आणि 600 ला.

अ = (टीबीएसह 532 वजा 600) वजा (टीबीएविना 532 वजा 600)
ब = (टीबीएसह 440 वजा 600) × 0.0571
एमडीए, नॅनोमोल प्रति मिलिलिटर = (अ − ब) ÷ 157000 × 1000000

‘ब’ हा साखरेचा हिशेब. कॅडमियममुळे पानातून साखरेची वाहतूक मंदावली की पानात साखर साठते, आणि ती टीबीएशी क्रिया करून आकडा फुगवते.

जुनी साधी पद्धत वापरत असाल तर विरलीकरणाची चूक एकदा तपासून घ्या. शोषणातला फरक 0.155 आला की नळीत 1 नॅनोमोल प्रति मिलिलिटर (गुणांक 155). पण नळीत 1 मिलिलिटर अर्कात 4 मिलिलिटर टीबीए घातलेलं असतं, म्हणजे मूळ अर्कात 5. अर्क 0.1 ग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर 50 नॅनोमोल प्रति ग्रॅम. पाचचा गुणाकार विसरला की 10 येतं.

आता 50 मधला कमी आकडा. मला तो खरा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘ताण कमी’ असा नाही. पानातलं एमडीए मुख्यतः तीन दुहेरी बंधांच्या मेदाम्लांपासून येतं आणि त्यांचा मोठा साठा हरितलवकाच्या पटलांत असतो. पान पिवळं पडलं म्हणजे ती पटलंच कमी झाली. मग ऑक्सिडाइज व्हायला मालच कमी उरतो. पिवळ्या पानाची हिरव्या पानाशी एमडीएवरून तुलना करताना हे विसरून चालत नाही.

तुमच्या शंकेकडे येतो. तांबं आणि लोह स्वतः इलेक्ट्रॉन देतात-घेतात, त्यामुळे पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करण्याची फेंटन क्रिया ते थेट करतात. जास्तीचं तांबं दिलं की मुळांच्या पटलांतून पोटॅशियम गळायला लवकरच लागतं. कॅडमियम हे करू शकत नाही. ते आडवाटेनं येतं:

एक, ग्लुटाथायोन (गंधक असलेला छोटा पेप्टाइड) संपवून. फायटोकेलाटिन म्हणजे ग्लुटाथायोनचेच तुकडे जोडून झालेली साखळी, तिच्या गंधकाला कॅडमियम धरून ठेवतं आणि हे जोडपं रिक्तिकेत ढकललं जातं. साखळी जोडणारं विकर पेशीत आधीपासून हजर असतं. कॅडमियम येताच ते कामाला लागतं, त्यासाठी नवं जनुक चालू व्हायची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांत मुळातलं ग्लुटाथायोन झपाट्यानं उतरतं. तेच ग्लुटाथायोन ॲस्कॉर्बेट परत मिळवण्यासाठीही लागतं. म्हणजे एकाच रेणूवर दोन कामांचा भार पडतो: धातू बांधणं आणि पेरॉक्साइड विझवणं.

दोन, प्रथिनांच्या सल्फहायड्रिल गटांना चिकटून आणि लोह, जस्त, कॅल्शियम यांची जागा बळकावून. हरितलवकातली आणि सूत्रकणिकांतली इलेक्ट्रॉनसाखळी अडली की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे गळतात आणि सुपरऑक्साइड होतं.

तीन, पेशीपटलावरचं एनएडीपीएच ऑक्सिडेज जागं करून. इथलं पेरॉक्साइड इजेचा भाग कमी, संदेशाचा जास्त. म्हणून ‘पेरॉक्साइड वाढलं’ एवढ्यावरून ‘इजा झाली’ म्हणता येत नाही.

आणि सातव्या दिवसाचं एकच मोजमाप घेऊन हे नाट्य दिसणारच नाही. तोवर गंधक शोषण्याची आणि ग्लुटाथायोन बनवण्याची यंत्रणा वाढून झाड नव्या घडीला बसलेलं असतं. 6 तास, 24 तास, 72 तास आणि 7 दिवस असे नमुने घ्या, आणि मुळांचे घ्याच. कॅडमियमचा बराचसा भाग मुळातच अडतो. फक्त पान बघून झाडाबद्दल बोलणं मला पटत नाही.

अर्धमोलर

सगळ्यात महत्त्वाचा धागा तुमच्या प्रश्नातच आहे: ‘कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या’. हे लोहाच्या कमतरतेचं नेहमीचं लक्षण.

कॅडमियम मुळात शिरतं ते पुष्कळदा लोहाच्याच दारानं, आयआरटी1 नावाच्या वाहकातून. दारात गर्दी झाली की लोह मागे राहतं. आता बघा: कॅटालेज हीमचं विकर आहे, एपीएक्ससुद्धा हीमचं. हीमच्या मध्यभागी लोह. पानाला लोहच पुरेसं पोचलं नाही तर कॅटालेज घटेल, मग पेरॉक्साइडनं एकही पटल फाटलेलं नसलं तरी. तेव्हा ‘संरक्षणयंत्रणा कोसळली’ असं लिहू नका. कदाचित ती यंत्रणा उभारायला कच्चा मालच मिळाला नसेल. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासायचं कसं: आणखी दोन गट लावा. एकात कॅडमियम नाही आणि लोह नेहमीच्या दशांश. दुसऱ्यात 50 मायक्रोमोलर कॅडमियम आणि लोह दुप्पट. पहिल्या गटात कॅटालेज तसंच घटलं आणि दुसऱ्यात सावरलं, तर कारण बहुतांशी लोह. जोडीला पानातलं लोह आणि कॅडमियम दोन्ही मोजा, कारण जास्त लोहानं कॅडमियमचं शोषणच कमी झालं असेल तर सावरण्याचा अर्थ बदलतो.

लोह वाढवताना ईडीटीएचं भान ठेवा. लोह-ईडीटीए घरी बनवताना ईडीटीए थोडं जरी जास्त झालं तरी मोकळं उरलेलं ईडीटीए कॅडमियमला बांधतं आणि मुळाला भिडणारं मुक्त कॅडमियम उतरतं. तुम्ही लिहिणार 50, झाडाला जाणवणार कमी. लोह आणि ईडीटीए मोलला मोल घ्या.

धातूचं द्रावण करतानाही एक खाच आहे. कॅडमियम क्लोराइडची बाटली बहुधा अडीच पाण्याच्या रेणूंची असते, रेणुभार 228.4. निर्जल धरून 183.3 नं वजन केलं तर 10 मिलिमोलरऐवजी 8 मिलिमोलरच होतं. 100 मिलिलिटरला 0.228 ग्रॅम घ्या. त्यातले 5 मिलिलिटर 1 लिटरमध्ये म्हणजे 50 मायक्रोमोलर, वजनात 5.6 मिलिग्रॅम कॅडमियम प्रति लिटर. पावडर धुरांड्याखाली (फ्यूम हूडमध्ये), हातमोजे घालून तोला. कॅडमियम कर्करोगकारक आहे. वापरलेलं द्रावण आणि मुळं धुतलेलं पाणी बेसिनमध्ये न ओतता धातूच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये साठवा.

आणि मुळं मोजण्याआधी 20 मिलिमोलर डायसोडियम ईडीटीएत 15 मिनिटं धरून मग तीनदा शुद्ध पाण्यात धुवा. नाहीतर पृष्ठभागाला नुसतं चिकटलेलं कॅडमियमही ‘शोषलेलं’ म्हणून मोजलं जाईल. धातू मोजायची मुळं आणि विकरांची मुळं मात्र वेगळी ठेवा. विकरांसाठीची थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये.

पानदेठ

तिघांचे मनापासून आभार. लोहाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. दोन गोष्टी विचारतो. कॅटालेज प्रति मिलिग्रॅम प्रथिन दाखवलं तर घट बरीच कमी दिसते, प्रति ग्रॅम ताज्या वजनावर जास्त. कुठलं खरं? आणि फायटोकेलाटिनसाठी एचपीएलसी (द्रावणातले रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र) उपलब्ध नाही, काही अंदाज बांधता येईल का?

खलबत्ता

दोन्ही खरे, पण वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. समजा कंट्रोलमध्ये प्रति ग्रॅम 10 मिलिग्रॅम प्रथिन आणि 100 युनिट कॅटालेज, म्हणजे प्रति मिलिग्रॅम 10. कॅडमियममध्ये प्रथिन 6 मिलिग्रॅम आणि 72 युनिट, म्हणजे प्रति मिलिग्रॅम 12. एका मापानं 20 टक्के वाढ, दुसऱ्यानं 28 टक्के घट! कॅडमियमखाली रुबिस्कोसारखं मुबलक प्रथिन घटतं, भागाकारातला खालचा आकडा लहान होतो आणि बाकीची विकरं उगाच वाढल्यासारखी दिसतात.

ताजं वजनही निर्दोष नाही. पानातलं पाणी 90 वरून 84 टक्क्यांवर आलं तर 1 ग्रॅम ताज्या पानातला कोरडा भाग 0.10 वरून 0.16 ग्रॅम होतो. काहीही न बदलता एमडीए, प्रोलिन (ताणात साठणारं अमिनो आम्ल), पेरॉक्साइड सगळंच 60 टक्क्यांनी ‘वाढतं’. प्रोलिनवरून काढलेले पुष्कळ निष्कर्ष इथेच घसरतात. प्रत्येक गटातून दोन-तीन पानं 70 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मग कोरड्या वजनावर मांडा. प्रथिनाचे आकडेही वेगळ्या रकान्यात द्या, वाचणाऱ्याला स्वतः पडताळता येतं.

मूळरोम

एचपीएलसी नसेल तर वजाबाकीचा मार्ग आहे. मुळं द्रवरूप नायट्रोजनमध्ये वाटून 5 टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात अर्क काढा, प्रथिनं तळाशी बसतात. वरच्या द्रावणाचा पीएच सावरून एलमनच्या अभिकर्मकानं (डीटीएनबी) 412 नॅनोमीटरला एकूण थायॉल (सल्फहायड्रिल गट असलेले रेणू) मोजा. त्याच अर्कात ग्लुटाथायोन रिडक्टेज आणि एनएडीपीएच घालून फक्त ग्लुटाथायोन मोजा. ही चक्रीय पद्धत ऑक्सिडाइज झालेलं ग्लुटाथायोनही धरते, म्हणून 2-व्हिनिलपिरिडिन घातलेल्या वेगळ्या नळीतून ते काढून वजा करा. एकूण थायॉलमधून उरलेलं ग्लुटाथायोन गेलं की राहतं ते मुख्यतः फायटोकेलाटिनचं गंधक, थोडं सिस्टीनही त्यात असतं. ‘फायटोकेलाटिन’ असं ठाम लिहिण्याऐवजी ‘ग्लुटाथायोनेतर थायॉल’ लिहा. अर्क त्याच दिवशी मोजा, थायॉल ठेवल्यावर ऑक्सिडाइज होतात.

एक गट बीएसओचाही (ब्यूथिओनीन सल्फॉक्सिमीन) लावता आला तर उत्तम. ते ग्लुटाथायोन बनवण्याची पहिली पायरीच अडवतं. 0.5 मिलिमोलर बीएसओ एकट्यानं, 25 मायक्रोमोलर कॅडमियम एकट्यानं आणि दोन्ही मिळून. 72 तासांनी मुळाची लांबी मोजा, साध्या पट्टीनं. दोन्ही मिळूनचा फटका दोघांच्या बेरजेहून मोठा असेल तर झाड ग्लुटाथायोनवर किती विसंबून आहे ते स्पष्ट दिसतं. माझ्या मते हा पट्टीचा प्रयोग पाच विकरांच्या तक्त्यापेक्षा जास्त सांगतो.

हरितकण

हाच प्रयोग पुढे कुंडीतल्या मातीत करायचा असेल तर 50 मायक्रोमोलरची तुलना मातीतल्या मिलिग्रॅम प्रति किलोशी कशी करायची?

अर्धमोलर

थेट करता येत नाही. मातीतलं एकूण कॅडमियम आणि मुळाला मिळणारं कॅडमियम यांचं नातं पीएच, सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमातीवर ठरतं. पीएच चढला की मिळणारं कॅडमियम घटतं. कॅडमियमचा क्षार मातीत घातल्यावर ओलावा देऊन निदान दोन-तीन आठवडे माती मुरू द्या, नाहीतर पहिल्या दिवशी धातू जास्तच मोकळा असतो. पेरणीच्या वेळी डीटीपीए (धातू बांधणारं रसायन) निष्कर्षण करा: 0.005 मोलर डीटीपीए, 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइड, 0.1 मोलर ट्रायएथॅनॉलअमीन, पीएच 7.3, 10 ग्रॅम मातीला 20 मिलिलिटर, 2 तास हलवून गाळायचं. तोच आकडा रोपाच्या प्रतिसादाशी जोडून बघा. शिसं घेणार असाल तर द्रावणातल्या प्रयोगात फॉस्फेट वेगळ्या दिवशी द्या, होगलंडमध्ये शिशाचं फॉस्फेट होऊन ते तळाशी बसतं.

पानदेठ, एक राहिलं. एका टबमध्ये 20 रोपं असतील तर ती 20 पुनरावृत्ती नाहीत, ती एकच आहे. प्रत्येक मात्रेला निदान 4 वेगळे टब ठेवा, प्रत्येकात वेगळं बनवलेलं द्रावण. टबांच्या जागा दर दोन दिवसांनी बदला आणि द्रावण बदलण्याआधी त्याचा थोडा नमुना 0.45 मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून ठेवा. त्यातलं कॅडमियम मोजलंत की सात दिवसांत 50 चे खरोखर किती उरले होते ते कळेल.